वडीलधाऱ्यांचा शब्द : जेन ऑस्टेनची ‘पर्स्वेजन’

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यांतील केलिंच हॉल नांवाच्या वाड्यांत राहणाऱ्या एका गृहस्थांना करमणुकीसाठीं एकच पुस्तक पुरत असे. तें काव्य नव्हे, कथा नव्हे, धर्मग्रंथ तर नव्हेच. तें म्हणजे त्या देशांत ‘बॅरोनेट’ ही पदवी धारण करणाऱ्या घराण्यांची वंशावळ. कंटाळा आला कीं ते ती वंशावळ उघडीत, चिंता वाटूं लागली कीं तीच उघडीत, आणि ती नेहमीं एकाच पानावर उघडे. कारण त्या पानावर त्यांचें स्वतःचें घराणें छापलेलें होतें. स्वतःचा जन्म, लग्न, पत्नीचा मृत्यु, तीन मुली आणि मृत जन्मलेला एक मुलगा. सर वॉल्टर एलियट यांची ही ओळख जेन ऑस्टेननें आपल्या ‘पर्स्वेजन’ या कादंबरीच्या आरंभींच करून दिली आहे, आणि ती वाचतांना हंसूं आल्यावांचून राहात नाहीं. परंतु थोडें पुढें गेल्यावर ध्यानांत येतें कीं, याच पानाच्या भाराखालीं एक मुलगी आठ वर्षें दबून राहिलेली आहे.

‘पर्स्वेजन’ या शब्दाला मराठींत काय म्हणावें, हा प्रश्न अनुवादकाला खचित पडेल. ‘मनधरणी’ म्हटलें तर तींत आर्जव येतें, लाडीगोडी येते; येथें तसें कांहीं नाहीं. ‘मन वळविणें’ हें अधिक जवळचें. वडीलधाऱ्या माणसानें शांतपणें, मायेनें आणि आपल्याच हिताच्या नांवानें सांगितलेलें, व म्हणूनच मोडतां न येणारें असें जें असतें, तें या शब्दांत अभिप्रेत आहे. हें नांवही लेखिकेच्या पश्चात् तिच्या भावानें दिलें असावें. घरच्या मंडळींत या पुस्तकाचा उल्लेख ‘एलियट मंडळी’ असा होत असे, अशी त्या कुटुंबांतील आठवण आहे. दोन्ही नांवें सारखींच समर्पक म्हणावीं लागतात. एकांत घराणें आहे, दुसऱ्यांत त्या घराण्यानें एका मनावर केलेला परिणाम आहे.

सर वॉल्टर विधुर होते. पत्नी शहाणी होती; तिच्या हयातींत घरखर्च उत्पन्नाच्या मर्यादेंत राही. १८०० मध्यें ती वारली आणि घराचा लगाम सुटला. थोरली मुलगी एलिझाबेथ रूपानें व गर्वानें बापाचीच प्रतिकृति. धाकटी मेरी एका सधन जमीनदाराच्या घरीं, मस्ग्रोव्ह कुटुंबांत, दिलेली. तिची प्रकृति उत्तम, परंतु आपल्याकडे कोणाचें लक्ष नाहीं असें वाटलें कीं ती तत्काळ बिघडत असे. मधली ॲन. तिची बुद्धि व तिच्या स्वभावांतील माधुर्य यांची किंमत कोणत्याही जाणत्या माणसाला कळली असती. बापाला व बहिणीला ती नव्हती. घरांत तिच्या शब्दाला वजन नव्हतें. तिची सोय नेहमीं शेवटीं पाहिली जाई. मेरीचें मूल पडून त्याचें गळ्याजवळचें हाड सरकलें कीं त्याच्या उशाशीं बसावयास ॲन हवी. जेवणाच्या आमंत्रणाला मात्र मुलाचे आईबाप दोघेही जाणार! असलीं घरें इंग्लंडांतच असतात असें नाहीं.

आतां १८०६ चा उन्हाळा. सान डोमिंगोजवळ फ्रेंचांशीं झालेल्या समुद्रावरील लढाईनंतर बढती मिळालेला, परंतु हातीं जहाज नसलेला फ्रेडरिक वेंटवर्थ नांवाचा एक तरुण नौदल-अधिकारी आपल्या पाद्री भावाकडे केलिंचजवळ राहावयास आला. वय तेवीस, बुद्धि तल्लख, स्वभाव उमदा, खिसा रिकामा. जें मिळालें तें त्यानें मोकळ्या हातानें खर्चून टाकलें होतें. पण आपल्याला लवकरच जहाज मिळेल आणि दैव उघडेल, याविषयीं त्याला तिळमात्र शंका नव्हती. ॲन तेव्हां एकोणीस वर्षांची होती. ओळख झाली, प्रीति जडली, वाङ्निश्चय झाला. सर वॉल्टरनें स्पष्ट नकार दिला नाहीं. त्यानें केवळ आश्चर्य दाखविलें, मौन धरलें, आणि मुलीसाठीं आपण कांहींही करणार नाहीं एवढें कळूं दिलें. त्या काळच्या इंग्रजी कायद्यानेंही बापाचा हात बळकट केलेला होता. १७५३ च्या हार्डविक विवाह-कायद्याप्रमाणें एकवीस वर्षांखालील वधूवरांना परवान्यानें लग्न करावयाचें तर आईबापांची संमति लागे.

तरीही बापाच्या रुसव्यानें ॲन डगमगली नसती, असें लेखिका सुचविते. तिचें मन वळविलें तें लेडी रसेलनें. ही दिवंगत आईची जिवलग मैत्रीण, ॲनची धर्ममाता, शेजारींच राहणारी विधवा. ॲनवर आईसारखी माया करणारें त्या पंचक्रोशींत हेंच एक माणूस. तिचें म्हणणें असें कीं, मुलाजवळ स्वतःच्या आत्मविश्वासाखेरीज कांहीं नाहीं. धंदा युद्धाचा, म्हणजे अनिश्चितीचा. पाठीशीं उभे राहतील असे आप्त नाहींत. अशा माणसाशीं एकोणिसाव्या वर्षीं स्वतःला बांधून घेणें म्हणजे तारुण्य चिंतेंत घालविणें. या बोलण्यांत स्वार्थ नव्हता. कुलाभिमानाचा थोडा अंश होता खरा, कारण लेडी रसेल पदवीला फार मान देणारी. परंतु मुख्यतः ती काळजी होती. आणि ॲन शेवटीं वळली ती स्वतःच्या सुखाच्या विचारानें नव्हे. आपल्या ओझ्यानें वेंटवर्थचीच प्रगति खुंटेल, त्याच्याच भल्यासाठीं दूर व्हावें, असें तिच्या मनानें घेतलें. ही गोष्ट वाचकानें नीट ध्यानांत ठेवावी. कारण वेंटवर्थच्या ध्यानांत ती आठ वर्षें आली नाहीं. त्याला एवढेंच दिसलें कीं मुलगी दुबळी निघाली. तो रागारागानें निघून गेला.

पुढें वेंटवर्थचें भाकित अक्षरशः खरें ठरलें. त्याला ‘ॲस्प’ नांवाचें एक जुनें गलबत मिळालें, नंतर ‘लकोनिया’ मिळालें, आणि शत्रूचीं जहाजें पकडून त्यानें सुमारें २५,००० पौंड जोडले. हा पैसा कोठून येत असे हें आजच्या वाचकाला सांगितलें पाहिजे. ब्रिटिश नौदलांत पकडलेल्या जहाजाची व त्यांतील मालाची किंमत ठरवून ती पकडणाऱ्यांत वांटून देत. किमतीचे आठ भाग करीत. त्यांतले आरंभीं तीन व १८०८ नंतर दोन कप्तानाच्या वांट्याला येत, आणि त्यांतूनच वरच्या ॲडमिरलचा हिस्सा निघे. उरलेल्या भागांत इतर अधिकारी आणि शेंकडों खलाशी. म्हणजे नशिबाचा एक फेरा बरा गेला तर निर्धन तरुण दोन वर्षांत जमीनदाराच्या बरोबरीस येई, आणि फेरा वाईट गेला तर समुद्राच्या तळाशीं जाई. लेडी रसेलची भीति आणि वेंटवर्थचा भरंवसा या दोहोंनाही वस्तुस्थितींत आधार होता, तो असा.

ऑस्टेनला हें सर्व घरच्या घरीं माहीत होतें. तिचे दोन भाऊ, फ्रान्सिस व चार्ल्स, नौदलांत होते. १८०१ मध्यें चार्ल्सनें अशाच लुटीच्या पैशांतून दोघी बहिणींना पुष्कराजाचे क्रूस व सोन्याच्या सांखळ्या आणल्या होत्या. हाच चार्ल्स पुढें ॲडमिरल होऊन पूर्वेकडील आरमाराचा अधिपति झाला आणि १८५२ मध्यें, दुसऱ्या ब्रह्मी युद्धाच्या वेळीं, इरावती नदीवर वारला. थोरला फ्रान्सिस नौदलाच्या सर्वोच्च पदाला पोहोंचला. या कादंबरींतील कॅप्टन हार्व्हिलच्या घरगुती संवयी आपल्यावरूनच घेतल्या असाव्यात असें त्यानें म्हातारपणीं लिहून ठेवलें आहे. हिंदुस्थानाशींही या घराचा संबंध होता. जेनची आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्यें वर शोधण्यासाठीं मद्रासच्या किनाऱ्यावर येऊन उतरली होती, आणि तिची मुलगी एलायझा हिचा जन्म कलकत्त्याचा. म्हणून कादंबरींतील ॲडमिरल क्रॉफ्टची पत्नी जेव्हां आपण अटलांटिक चार वेळां ओलांडला व पूर्वेच्या देशांनाही एकदां जाऊन आलों हें बाजारहाट केल्याच्या सहजतेनें सांगते, तेव्हां तिचें बोलणें अंगणांतल्या गप्पांसारखें वाटतें. (याच वर्षांत मुंबईच्या गोदींत जमशेटजी बोमनजी वाडिया ब्रिटिश आरमारासाठीं मोठीं सागवानी जहाजें बांधीत होते, त्यांतील ‘मिंडेन’ १८१० मध्यें पाण्यांत सोडलें गेलें.)

कथेचा आरंभ होतो तो १८१४ च्या उन्हाळ्यांत. नेपोलियननें सिंहासन सोडलें आहे, शांतता झाली आहे, आणि श्रीमंत झालेले नाविक किनाऱ्यावर घरें शोधीत आहेत. इकडे सर वॉल्टर कर्जांत बुडाले आहेत. वंशावळींतलें पान जसेंच्या तसें आहे, पण सावकार दारांत उभे आहेत. शेवटीं केलिंच हॉल भाड्यानें देऊन बाथ शहरीं थोड्या खर्चांत थाट राखावा असें ठरतें. भाडेकरू मिळतो तो ॲडमिरल क्रॉफ्ट, आणि त्याची पत्नी ही वेंटवर्थचीच बहीण! अशा रीतीनें ज्या घरानें त्याला तुच्छ लेखलें त्याच घरीं तो पाहुणा म्हणून येतो. ॲन सत्तावीस वर्षांची झाली आहे. रंग उतरला आहे, चेहऱ्यावरील टवटवी गेली आहे. तिला पाहून तो, ही इतकी बदलली आहे कीं आपण ओळखलीही नसती, असें बोलून जातो. आणि मेरी तें बोलणें जसेंच्या तसें बहिणीला ऐकविते. या मेरीला दुष्ट म्हणवत नाहीं. ती केवळ विचार न करणारी आहे, आणि घरांतील पुष्कळ जखमा अशाच माणसांच्या हातून होतात.

वेंटवर्थ हा नायक खरा, पण पुष्कळ दोषांचा नायक आहे. त्याचा अभिमान दुखावलेला आहे आणि तो दुखरा अभिमानच तो निष्ठा समजून बसला आहे. मस्ग्रोव्हांच्या दोघी तरुण मुलींत तो मिसळतो, हंसतो, त्यांतल्या लुइझाकडे झुकल्यासारखा वागतो. एकदां रानांत फिरतांना तो तिला एक हेझलचें फळ दाखवून सांगतो कीं, वाऱ्यापावसांत न गळतां हें टिकून राहिलें, तसा माणसाचा निश्चय टणक असावा. कुंपणापलीकडे ॲन बसलेली असते. तिला प्रत्येक शब्द ऐकूं येतो. हा सर्व उपदेश तिलाच उद्देशून आहे हें तिला कळतें, वाचकाला कळतें. स्वतः वेंटवर्थला मात्र तें पुरतें उमगलेलें नसतें. आणि तरीही, मेरीच्या धाकट्या मुलानें ॲनच्या पाठीवर चढून तिला हैराण केलें असतां कांहीं न बोलतां त्या मुलाला उचलून घेणारा, ती थकलेली पाहतांच बहिणीच्या गाडींत तिला जागा करून देणारा तोच. राग मनांत, आणि हात मात्र आपोआप तिच्या मदतीला. त्याच्या मनाचें असें दुहेरी चित्र लेखिकेनें एकाही मोठ्या वाक्याशिवाय उभें केलें आहे.

टणक निश्चयाचा धडा लुइझा चांगलाच गिरविते. लाइम या समुद्रकांठच्या गांवीं ‘कॉब’ नांवाचा एक जुना दगडी धक्का आहे. त्याच्या पायऱ्यांवरून उडी मारून वेंटवर्थच्या हातांत पडण्याची तिला हौस. एकदां उडी मारून झाली. पुन्हां मारणारच, असें ती म्हणते. तो नको म्हणतो. ती ऐकत नाहीं. त्याचा हात पोहोंचण्याआधींच ती पडते आणि डोक्याला मार लागून निश्चेष्ट होते. वीस-वीस लढाया पाहिलेले पुरुष तेथें हतबुद्ध उभे. मेरी किंकाळ्या फोडते. दुसरी बहीण मूर्च्छित. त्या वेळीं डॉक्टराला बोलवा, मुलीला अमुक घरीं न्या, अशा सूचना शांतपणें देते ती ॲन, जिला आठ वर्षें दुबळी म्हणून दूर ठेवलें तीच. हट्ट आणि निश्चय यांत अंतर असतें, आणि दुसऱ्याचें ऐकूं शकणारें मनही घट्ट असूं शकतें, हें वेंटवर्थला त्या धक्क्यावर कळतें. पण कळलें म्हणून तो मोकळा होत नाहीं. त्याच्या वागण्यावरून लोकांनीं त्याला लुइझाशीं बांधून टाकलेलें असतें, आणि ती बरी झाल्यावर तिची तशी इच्छा असेल तर शब्द पाळणें त्याला भाग होतें. तो भावाकडे श्रॉपशायरमध्यें जाऊन वाट पाहात बसतो. ती त्याच्याऐवजीं कवितावेड्या कॅप्टन बेनविकवर भाळते, तेव्हां कोठें त्याची सुटका होते. या लाइमच्या धक्क्याची कीर्ति पुढें अशी झाली कीं, कविवर्य टेनिसन त्या गांवीं आले असतां, इतिहासांतील स्थळें बाजूस ठेवा आणि लुइझा जेथें पडली ती जागा दाखवा, असें म्हणाल्याची गोष्ट सांगतात.

बाथमध्यें ॲनच्या मनावर दुसऱ्यांदा वजन पडतें, आणि तें वजन पाडणारी व्यक्ति पुन्हां तीच. सर वॉल्टरला मुलगा नसल्यानें पदवी व केलिंच हॉल पुतण्याच्या नात्यांतल्या विल्यम एलियटकडे जाणार. हा गृहस्थ आतां विधुर झालेला, सुसंस्कृत, गोडबोल्या. तो ॲनकडे लक्ष देऊं लागतो. लेडी रसेल हर्षानें म्हणते कीं, तूं आईच्या जागीं केलिंचची यजमानीण झालेली पाहावयास मिळावें यासारखें सुख नाहीं. क्षणभर ॲनचेंही मन हेलावतें. आईचें नांव, आईचें घर, आईची जागा! कुटुंबनिष्ठेचा याहून मधुर आणि म्हणून याहून धोक्याचा मोह कोणता? पण यावेळीं ती वळत नाहीं. या माणसाला कधीं राग येत नाहीं, कधीं उमाळा येत नाहीं, तो सर्वांनाच सारखा आवडतो, एवढ्यावरून तिला संशय येतो. कधीं अविचारानें बोलून जाणाऱ्या माणसावर तिचा विश्वास अधिक. पुढें जुन्या मैत्रिणीकडून, मिसेस स्मिथकडून, त्याचे काळे धंदे उघडकीस येतात. हा भाग मात्र कथेंत फार सोयीस्करपणें आला आहे हें कबूल केलें पाहिजे. ॲननें त्याला आधींच मनांतून बाजूस सारलें होतें. पुराव्याची गरज वाचकापेक्षां लेखिकेलाच वाटली असावी. तसेंच मस्ग्रोव्हांच्या मेलेल्या मुलाबद्दल व त्याच्या आईच्या उसाशांबद्दल जी थट्टा या पुस्तकांत आहे, ती ऑस्टेनसारखीला शोभत नाहीं.

हा विषय ऑस्टेननें केवळ कल्पनेंतून घेतलेला नव्हता. तिची थोरली बहीण कॅसांड्रा हिचा वाङ्निश्चय टॉम फाउल नांवाच्या तरुण पाद्र्याशीं झाला होता. पैशाच्या अभावीं लग्न लांबलें. तो सैन्याबरोबर वेस्ट इंडीजला गेला आणि १७९७ मध्यें सान डोमिंगो येथें तापानें वारला. कॅसांड्रा पुन्हां लग्नाला उभी राहिली नाहीं. लेडी रसेलची भीति ज्या घरांत अशा रीतीनें खरी ठरली होती, त्याच घरांत ही कादंबरी लिहिली गेली. स्वतः जेननें १८०२ च्या डिसेंबरांत एका सधन, ओळखीच्या तरुणाला होकार दिला आणि रात्र उलटतांच दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो परत घेतला. त्या लग्नानें आईबापांचें व बहिणीचें म्हातारपण निर्धास्त झालें असतें. १८१४ च्या नोव्हेंबरांत फॅनी नांवाच्या पुतणीनें आपल्या लग्नाविषयीं तिला सल्ला विचारला. जेननें सांगावयाचें तें सांगितलें, पण लगेच तिला धास्ती वाटली कीं ही मुलगी आपल्या शब्दावर निर्णय घेईल. म्हणून तिनें लिहून पाठविलें कीं माझ्या मतावर कांहीं ठरवूं नकोस, तुझ्या मनाचा कौल तोच खरा. नऊ महिन्यांनीं, १८१५ च्या ऑगस्टांत, तिनें ‘पर्स्वेजन’ लिहावयास घेतली. लेडी रसेलच्या खुर्चींत आपणच बसलेलों आहों हा अनुभव ताजा असल्यामुळेंच लेडी रसेलला तिनें खलनायिका केलें नाहीं, असें म्हणण्यास जागा आहे. याच फॅनीला पुढें १८१७ च्या मार्चांत तिनें कळविलें कीं, माझी नवी नायिका तुला आवडेल, मला मात्र ती जरा अतीच चांगली वाटते.

१८ जुलै १८१६ रोजीं कादंबरी पुरी झाली. प्रकृति ढांसळत चालली होती. त्याच वर्षीं भाऊ हेन्री याची पेढी बुडून सर्व कुटुंबाला झळ लागली होती. तरी शेवट तिच्या मनास येईना. त्या शेवटांत ॲडमिरल क्रॉफ्ट हा वेंटवर्थला पुढें करून ॲनला विचारावयास लावतो कीं, तुमचें विल्यम एलियटशीं लग्न ठरलें असल्यास आम्ही केलिंच हॉल रिकामा करावा काय? ती नाहीं म्हणते, आणि गांठ उकलते. युक्ति हुशारीची होती. पण तींत दोन दोषी माणसांनीं स्वतः कांहींच केलें नाहीं, दैवानें त्यांना एका खोलींत कोंडलें इतकेंच. तिनें तो भाग टाकून दिला आणि ६ ऑगस्टपर्यंत नवीन प्रकरणें लिहून काढलीं. टाकून दिलेल्या दोन प्रकरणांचीं पानें ब्रिटिश लायब्ररींत आहेत. तिच्या पुऱ्या झालेल्या कादंबऱ्यांपैकीं तिच्या हस्ताक्षरांत उरलेलें आहे तें एवढेंच.

नवीन प्रसंग व्हाइट हार्ट नांवाच्या खाणावळींतील एका दिवाणखान्यांत घडतो. एका बाजूस दोघी पोक्त बायका बोलत आहेत. लग्नाचा भरंवसा नसतां लांबणारा वाङ्निश्चय वाईट, आईबापांनीं तो होऊंच देऊं नये, असें मिसेस क्रॉफ्ट ठासून सांगते. बोलणारी वेंटवर्थचीच बहीण, आणि ऐकणारी ॲन! तिला कांटा लागल्यासारखें होतें. टेबलाशीं पत्र लिहीत बसलेल्या वेंटवर्थची लेखणीही थबकते आणि तो क्षणभर तिच्याकडे पाहतो. नंतर खिडकीजवळ हार्व्हिल व ॲन यांचा वाद निघतो. हार्व्हिलची बहीण बेनविकची वाग्दत्त वधू होती. ती वारून वर्ष होत नाहीं तोंच बेनविक दुसरीशीं लग्न करणार, आणि बहिणीसाठीं काढविलेलें चित्र आतां लुइझासाठीं मढवावयाचें! त्या चित्राचेंच पत्र वेंटवर्थ लिहीत असतो. भावाचें मन दुखावलेलें आहे. पुरुष अधिक काळ विसरत नाहीं कीं स्त्री, हा प्रश्न त्यांतून उठतो. हार्व्हिल ग्रंथांचा दाखला देऊं पाहतो. ॲन म्हणते, ग्रंथ लिहिण्याचें साधन पुरुषांच्याच हातीं राहिलें, तेव्हां तो पुरावा चालणार नाहीं. स्त्रियांसाठीं ती एकच हक्क मागते, आणि तो हेवा करण्याजोगा नाहीं असेंही सांगते : आशा संपल्यावरही प्रेम करीत राहण्याचा. या वादाच्या मध्येंच लेखणी पडल्याचा आवाज होऊन गेलेला असतो. वेंटवर्थ दुसऱ्या कागदावर घाईघाईनें कांहीं लिहितो, निघून जातो, हातमोजे विसरल्याचें निमित्त करून परत येतो आणि तें पत्र तिच्यापुढें ठेवतो. येथें दोघेंही बोललीं आहेत. दैवानें एवढेंच केलें कीं दोघांना एकमेकांच्या कानाच्या टप्प्यांत आणून ठेवलें.

मनोमीलनानंतर दोन कबुल्या होतात, आणि सगळ्या पुस्तकाचें मर्म त्यांत आहे. वेंटवर्थ सांगतो कीं, १८०८ मध्येंच आपल्याजवळ कांहीं हजार पौंड जमले होते, ‘लकोनिया’ हातीं आलें होतें. तेव्हां पत्र लिहिलें असतें तर तूं होकार दिला असतास काय? तिच्या स्वरावरूनच उत्तर कळतें. म्हणजे आठांपैकीं सहा वर्षें लेडी रसेलनें घालविलीं नव्हतीं, त्याच्या स्वतःच्या अभिमानानें घालविलीं होतीं. सर्व दोष एका म्हाताऱ्या बाईच्या माथीं मारून मोकळ्या झालेल्या माणसाला हा हिशेब कडू लागतो, पण तो तो करतो.

ॲनची कबुली याहून अवघड आहे. ती म्हणते कीं, तो सल्ला चुकीचा होता. अशा परिस्थितींत मी स्वतः कोणाही मुलीला तसा सल्ला देणार नाहीं. तरीही मीं तो मानला यांत माझी चूक झाली असें मला वाटत नाहीं. लेडी रसेल मला आईच्या ठिकाणीं होती. तिचा शब्द मोडून वाङ्निश्चय चालू ठेवला असता तर मनाच्या टोचणीनें मी अधिक दुःख भोगलें असतें. चुकीचा सल्ला आणि बरोबर आज्ञापालन, हीं दोन्ही एकाच प्रसंगीं असूं शकतात असें तिचें म्हणणें. पुष्कळ वाचकांना हें पटत नाहीं. आठ वर्षें जळून गेलीं, आणि ही मुलगी अजून त्या बाईची बाजू घेते! उलट दुसऱ्यांना वाटतें कीं, ॲन येथें लेडी रसेलला क्षमा करीत नसून आपल्या एकोणिसाव्या वर्षाला न्याय देत आहे. तेव्हांच्या मुलीजवळ जें ज्ञान होतें त्यांत तिनें जें केलें तें भित्रेपणानें केलें नाहीं, एवढेंच ती सांगते. मजकूर पाहतां दुसरा अर्थ अधिक सरळ वाटतो. कारण तीच ॲन सत्ताविसाव्या वर्षीं त्याच बाईचा दुसरा सल्ला एकही कठोर शब्द न बोलतां बाजूस ठेवते. लेडी रसेललाही शेवटीं मान्य करावें लागतें कीं आपण दोन्ही पुरुषांना उलटें ओळखलें, एकाला तडफेवरून धोक्याचा ठरविला आणि दुसऱ्याला रीतभात पाहून गुणी.

जेन ऑस्टेन १८ जुलै १८१७ रोजीं एकेचाळिसाव्या वर्षीं विंचेस्टर येथें वारली. कादंबरी डिसेंबरांत ‘नॉर्दंगर ॲबी’बरोबर चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि हेन्रीनें जोडलेल्या लहानशा चरित्रावरून तिचें नांव प्रथम छापील रूपानें लोकांना कळलें. त्या वाचकांना हेंही माहीत होतें कीं, कथा संपते त्या १८१५ च्या वसंत ऋतूंतच नेपोलियन परत आला होता आणि शांततेचे दिवस संपले होते. ॲनच्या सुखावर पुढच्या युद्धाची एक छाया शेवटच्या ओळींत पडते ती म्हणूनच.

लग्नाला सर वॉल्टरनें हरकत घेतली नाहीं. २५,००० पौंड आणि रुबाबदार चेहरा यांच्यापुढें त्याचा कुलाभिमान नमला, आणि वंशावळीच्या त्या पानावर लग्नाची नोंद करण्यासाठीं त्यानें आनंदानें लेखणी हातीं घेतली. मुलीला द्यावयाच्या १०,००० पौंडांपैकीं थोडासाच भाग तो तेव्हां देऊं शकला. ॲनला खंत वाटली ती पैशाची नव्हे. नवऱ्याच्या घरचे भाऊ-बहीण तिला मायेनें जवळ घेत होते, आणि त्यांच्या बदल्यांत त्याला देण्याजोगें तिच्याकडे एकही माहेरचें नातें नव्हतें. होत्या त्या दोन मैत्रिणी, लेडी रसेल आणि आजारानें खोलीला खिळलेली, दरिद्री मिसेस स्मिथ. वेंटवर्थनें पहिलीला हळूहळू क्षमा केली. दुसरीच्या मृत नवऱ्याची वेस्ट इंडीजमध्यें मालमत्ता अडकून पडली होती. म्हणजे त्या काळीं बहुधा गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे, पण त्याबद्दल ही कादंबरी बोलत नाहीं. ती सोडवून आणण्यासाठीं त्यानें पत्रें लिहिलीं, तिच्या वतीनें खटपट केली आणि काम तडीस नेलें.